गुण आला

हाती घेतलेले कार्य अर्धवट सोडणारा मनुष्य स्वतःचा आणि समाजाचा सारखाच अपराधी असतो, असे आमचे काका सांगत. ते रत्नागिरीतल्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते. हे वाक्य त्यांनी मुलांच्या इतक्या पिढ्यांकडून लिहून घेतले होते, की गावात अर्धवट पडलेली बहुतेक कामे त्यांच्याच विद्यार्थ्यांची निघत. काकांनी स्वतः मात्र आयुष्यात एकच गोष्ट अर्धवट सोडली. ती दर वेळी, नेमाने सोडली. जंतुनाशक कॅप्सूलचा कोर्स.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. काका नुकतेच निवृत्त झाले होते. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो आणि काका-काकूंकडेच राहत होतो. काकांना मधुमेह होता. पण घरात त्याला आजार म्हणायची पद्धत नव्हती, 'थोडी साखर' म्हणत. काकू रोज सकाळी परीक्षानळीत निळे द्रावण घेऊन त्यात काकांच्या लघवीचे थेंब टाकीत आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर तापवीत. रंग निळा राहिला तर पथ्य चांगले चालले आहे. विटकरी झाला तर द्रावण जुने.

आंब्याला मोहर आला होता त्या दिवसांत काकांच्या चपलेतून एक खिळा वर आला. तो उजव्या अंगठ्याखाली घेऊन काका वाचनालयात गेले, तिथे दोन अग्रलेखांशी मतभेद व्यक्त केले आणि चालत परत आले. पायरीपासून झोपाळ्यापर्यंत उमटलेले रक्ताचे ठसे काकूंना दिसले.

"अहो, पायाला काय लागलंय बघा."

"कोणाच्या?" काकांनी विचारले.

डॉक्टर त्यांचाच विद्यार्थी होता, आणि सगळी अडचण तिथेच होती. काका खुर्चीत बसलेले आणि डॉक्टर पायाशी वाकलेला. तो जखम तपासतो आहे की नमस्कार करतो आहे, हे लांबून कळत नसे. "सर, साखरेनं पाय बधिर झालाय," तो म्हणाला. "दुखणार नाही, म्हणून रोज डोळ्यांनी बघायचा. कोरडा ठेवायचा. आणि या कॅप्सूल संपेपर्यंत घ्यायच्या."

तीन-चार दिवसांत पू थांबला. "गुण आला," काकूंनी जाहीर केले आणि कॅप्सूल बंद झाल्या.

या ठिकाणी आपल्या भाषेने थोडा घोटाळा करून ठेवला आहे. औषध लागू पडले की गुण येतो आणि परीक्षेत पडतात तेही गुणच. मुख्याध्यापकाच्या घरात या शब्दाला पर्याय नव्हता. मी म्हटले, "डॉक्टरांनी सगळ्या घ्यायला सांगितल्यात."

"पास झालेल्या मुलाला कोणी परत परीक्षेला बसवतं का रे?" काका म्हणाले.

"आणि गरम पडतात त्या," काकू म्हणाल्या. "कालपासून तोंड आलंय त्यांना."

उरलेल्या कॅप्सूल बिस्किटांच्या डब्यात गेल्या. चांगले औषध टाकायचे कसे? महिन्याभरात जखम पुन्हा ओली झाली, तेव्हा त्या बाहेर निघाल्या. दोन पोटात गेल्या. दोन फोडून काकूंनी त्यांची पूड जखमेवर भुरभुरवली, हळदीसारखी. पुन्हा गुण आला. त्याच्या पुढच्या खेपेला मात्र येईना. डॉक्टरने औषध बदलले. नव्या औषधाने गुण आला, आणि तेही बंद झाले.

मे महिन्यात डॉक्टरने धीर करून विषय काढला. सरांना समजेल अशा भाषेत बोलायचे त्याने ठरवले असावे.

"सर, पहिल्या तीन दिवसांत मरतात ते कच्चे जंतू. पक्के मागे राहतात. आपण औषध थांबवलं की त्यांचीच प्रजा वाढते. दर वेळी आपण त्यांना वरच्या वर्गात घालतोय."

काका खूश झाले. "उदाहरण चांगलं दिलंस. निबंधात तुला हे कधी जमलं नाही."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. दुसरे करण्यासारखे काही नव्हते.

मग गुरुपौर्णिमा आली. माजी विद्यार्थ्यांनी एक समिती स्थापन केली आणि समितीने काकांची पाद्यपूजा करायचे ठरवले. अध्यक्ष एक बागायतदार होते. मी त्यांना घरी गाठून सांगितले, की पायाला जखम आहे, वरून खपली धरलेली दिसते पण आतून भरलेली नाही, पाणी लागता कामा नये.

"पाणी उकळून गार केलेलं घेऊ," अध्यक्ष म्हणाले.

"पंचामृतही उकळणार का?"

"तुमचं आपलं काहीतरीच. अहो, आम्ही सरांच्या पायाला इजा करू काय?"

डॉक्टरनेही विरोध केला. समितीने त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि सगळ्यांत हुशार विद्यार्थी म्हणून पूजेला त्यालाच बसवले. पाटावर बसल्यावर तो खालच्या आवाजात घासाघीस करू लागला. फक्त डावा पाय धुवू, उजव्याला लांबून फूल वाहू. भटजींनी मंत्र थांबवला.

"एका पायाची पूजा शास्त्रात नाही."

बाहेर पाऊस पत्र्यावर आपटत होता. काकांनी एकदा भटजींकडे पाहिले, एकदा डॉक्टरकडे, आणि स्वतःच वाकून उजव्या पायाची पट्टी सोडली. "चल, आटप," ते डॉक्टरला म्हणाले. "मागे रांग आहे."

रांग खरोखरच मोठी होती. दूध, दही, तूप, मध, साखर. काकूंनी वर्षभर काकांच्या तोंडाला लागू दिली नव्हती ती साखर त्या सकाळी त्यांच्या दोन्ही पायांवरून वाहिली. शेती खात्यातल्या साहेबांपासून बंदरावरच्या कंत्राटदारापर्यंत जो तो वाके, काकांची पावले चोळी आणि तेच हात डोळ्यांना लावी. मी दाराशी चपलांच्या ढिगात उभा होतो. तिथून डॉक्टर दिसत होता. पूजा संपल्यापासून तो हातात कोरडा पंचा घेऊन पाटाजवळ थांबला होता, आणि त्याला पाय पुसायला कुणी जागा देत नव्हते.

आठवड्याभरात अंगठा काळवंडला. पाऊल सुजून चकाकू लागले आणि काकांना थंडी वाजून ताप भरला. घरात एक वास आला. काकू त्यावर उदबत्ती लावीत. डॉक्टरने पू मिरजेला तपासायला पाठवला. निकाल आला तो घेऊन तो घरी आला, पण झोपाळ्यासमोर उभाच राहिला.

"सर, आपण दिलेलं एकही औषध आता चालत नाही. इथे मिळणारं दुसरंही काही चालत नाही. एक इंजेक्शन आहे, ते मूत्रपिंडाला झेपेल असं वाटत नाही."

काकांनी पायाकडे पाहिले.

"तेव्हा सगळ्या घेतल्या असत्या तर?"

डॉक्टरने चष्मा काढून पुसला. तो आधीच स्वच्छ होता. "प्रवासात पाय उशीवर उंच ठेवा, सर," तो म्हणाला. "मी मिरजेला जायला गाडी सांगितली आहे."

घाटात गाडी हळू चालली होती. काकू मध्येच पायावरची चादर सारखी करीत, आणि तो पाय आणखी किती वेळ त्यांचा असणार आहे हे गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक होते. मिरजेला तो गुडघ्याखाली कापला. त्यानंतर काका काही वर्षे जगले, पण वाचनालयात पुन्हा गेले नाहीत. अग्रलेखांना मोकळे रान मिळाले.

शाळेच्या सभागृहात समितीने पुढे त्यांचे तैलचित्र लावले. ते कमरेपर्यंतचे आहे. तिथली सगळीच तशी आहेत.