पेटीची किल्ली

बीए झालेला आमच्या घरातला मी पहिला. हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. कापसाच्या त्या वाईट वर्षांत याच पदवीमुळे वस्तीतल्या फवारणीच्या औषधांची किल्ली माझ्याकडे आली.

झालं असं, की गावोगावी शेतकरी फवारणीचं औषध पिऊन जीव देत असल्याच्या बातम्या ऐकून बायांचा जीव घाबरा झाला होता. एका पौर्णिमेला वंदना झाल्यावर त्या विहारातच बसल्या आणि ठरवलं, कोणाच्याच घरात औषधाचा डबा ठेवायचा नाही. सगळे डबे एका लोखंडी पेटीत, पेटी आमच्या मागच्या छपरीत. ज्याला फवारायचं त्याने सकाळी डबा न्यायचा, संध्याकाळी आणून द्यायचा. डब्यावरचं इंग्रजी वाचता येणारा मीच, म्हणून किल्ली मला. मोठा मान वाटला होता.

पंधरा दिवसांत विचार सुरू झाले. आधी नुसतं कुलूप. लावलं की राहिलं? लोहाऱ्याला एका कारखान्यात मी कारकून होतो. बाभुळगावच्या स्टँडवर उभी असलेली बस सोडून मी दोनदा घरी परत आलो. कुलूप लागलेलंच असायचं.

मग एका संध्याकाळी चहा टाकताना मनात आलं, यात आपणच औषध टाकलं तर?

आई कापूस वेचून आली की तिचा चहा मी करायचो, शाळेत होतो तेव्हापासून. वडील गेल्यावर तिने एकटीने मला शिकवलं. आणि तिच्याबद्दल हे? हात साबणाने तीनतीनदा धुतले, साखरेचा डबा हुंगला, शेवटी चहा मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हाकलावं तितका विचार जवळ यायचा. शेवटी मी चहा करणंच सोडलं. आई शेजारणीला मला ऐकू जाईल असं म्हणाली, "बीए झाला न बाई, आता चुलीजवळ बसाची लाज वाटते त्याले."

मी तेही ऐकून घेतलं. लोहाऱ्यात खोली घेतो म्हणून सांगितलं. कारण दिलं बसच्या दगदगीचं. खरं कारण एवढंच, की मी दूर असलो तर ती सुखरूप राहील.

मी पिशवी भरत होतो. आई दाराशी येऊन बसली. "माया हातून काही चुकलं काय रे?"

मग मला राहवलं नाही. खाली बघत सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ही उठून दूर सरकेल.

ती सरकली नाही. पायाची भेग नखाने कोरत बसली. मग म्हणाली, "तू तीन महिन्याचा होता. विहिरीवर गेली की मनात ये, टाकून दे पोराले. मी पाणी आणाले जाणंच सोडलं. तं मंग घरात चूल दिसली की चुलीचा विचार ये. म्हटलं, कुठंकुठं नाही जाऊ? एक दिवस तुले कडेवर घेतलं अन् गेली. विचार आला. येऊ देला. पाणी भरलं, घरी आली."

"आन् मंग?"

"मंग काय. तू बसला नाही काय इथं, पिशवी भरून राह्यला."

एवढ्या वर्षांत हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

पुढे मी यवतमाळला डॉक्टरांकडे गेलो, गोळ्याही घेतल्या. या दुखण्याला नाव आहे, असे विचार पुष्कळांना येतात आणि विचार आला म्हणजे माणूस तसं करतो असं नाही, हे त्यांनी नीट समजावलं. दुखणं एका दिवसात गेलं नाही. किल्ली मात्र मी कोणाला दिली नाही.

पण त्या संध्याकाळी पिशवी तशीच ठेवून मी चुलीजवळ बसलो. हात एकदाच धुतले. विचार आला, अगदी वेळेवर आला. तरी चहा गाळला आणि कप तिच्यापुढे ठेवला. ती पीत असताना मला तिच्याकडे बघवेना.

एक घोट घेऊन तिने कप माझ्यापुढे धरला. "साखर कमी हाये. टाक अजून."

मी डबा पुन्हा उघडला.