कामाक्षीबाईंची बरणी

कामाक्षीबाईंच्या टेबलावर कायम एक काचेची बरणी असायची. चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या त्या कचेरीत बांधकामाचे परवाने काढून देत, आणि बाई बावीस वर्षं कुठल्या हद्दीत कुठले नियम याचे तक्ते करत. पण तक्त्याला हात घालण्याआधी जागेवरची माती आणायची, बरणीभर पाण्यात ढवळायची आणि गाळ कधी बसतो ते बघत बसायचं, हा त्यांचा खाक्या. कचेरीतली पोरं हसायची. बाई हसणाऱ्यांना भीक घालत नसत.

या खेपेला गोदाम इरुंगाट्टुकोट्टैजवळ होतं. निम्मी जमीन नगरपालिकेत, निम्मी पंचायतीत. नगरपालिकेचा नियम कडक. माती अडवायला उताराला कापडी कुंपण घाला, गाळ बसायला खड्डा खणा, मगच पाया. पंचायतीच्या रकान्यात लिहायला काहीच नव्हतं.

"नकाशात गोदामाचं फाटक पंचायतीकडे दाखवू," पुण्याहून आलेला साहेब मंदार म्हणाला. "म्हणजे सगळं कामच तिकडचं धरलं जाईल. तुम्ही फक्त सही करा, बाई."

त्यांच्या सहीशिवाय तक्ता पुढे जात नसे. आणि पंचायतीकडचा उतार थेट गावच्या एरीत, म्हणजे पिण्याच्या तळ्यात, उतरत होता. तिथली माती ढवळलेलं बरणीतलं पाणी तीन दिवसांनीही गढूळच होतं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बैठकीला गोदामाचे मालक शेषगिरी आले. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं वेळेच्या बचतीबद्दल बराच वेळ बोलले. बाईंनी बरणीतलं पाणी ग्लासात ओतलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

"हे काय?"

"पाऊस झाल्यावर एरीचं पाणी असंच होणार. गाव पिणार. पहिलं तुम्ही प्या."

"बाई, पुरे," मंदार हळू आवाजात म्हणाला. "सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"नाहीं येत. तंजावरांत बाबांनी हात धरून मज सही शिकवली. ती मी चिखलांत घालत नाहीं."

त्यांनी तक्ता ओढला. पंचायतीच्या रिकाम्या रकान्यात कुंपण, खड्डा, सगळं ठसठशीत लिहिलं आणि खाली सही केली. पाहिजे तर हा घ्या, नाहीतर दुसरी बाई शोधा.

शेषगिरींनी बोटानं ग्लास दूर सारला.

"कां, सार?" बाईंनी शांतपणे विचारलं. "पिऊं नये असा नियम तर पंचायतींत नाहीं."