सालोमीबाईंची साडेसहाची सुई

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी 'बाईंचा अढळ विश्वास' या विषयावर लिहायला सांगितले, तेव्हा मी मोठ्या तोंडाने हो म्हटले. आता आठ दिवस कागदापुढे बसून आहे. सालोमीबाई साळवे यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात इतर मंडळी त्यांच्या सेवेबद्दल नीटनेटके लिहितीलच. मला मात्र बाईंचा विश्वास नेमका काय आहे, हेच आजवर उमगलेले नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

बाईंची पहिली ओळख झाली ती रागावण्यातून. माझी आई रेबेका हिला क्षय झाला म्हणून आम्ही देवळ्याहून नाशिकला आलो आणि चर्चमागच्या दोन खोल्यांत राहू लागलो. इस्पितळातून तिला घरी सोडले, पण रोजचे इंजेक्शन चालूच ठेवायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दारात पांढऱ्या साडीतल्या एक ठेंगण्या बाई उभ्या. हातात स्टीलचा डबा. "सलाम. पाणी उकळलंय का?" मी पितळी पातेले पुढे केले. त्यांनी बोट फिरवून तळ पाहिला आणि म्हणाल्या, "इतकं मळकं! यात तू चहा पिशील का? मग सुई का उकळायची यात?" पातेले मी पुन्हा घासले. इंजेक्शन झाले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करायच्या आणि तिथूनच इस्पितळात ड्यूटीला जायच्या. या कामाचा त्यांनी कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. आमच्यासारखी आणखी तीन घरे त्यांच्या वाटेवर होती.

पुढे स्कायलॅबचे वर्ष आले. अमेरिकेची ती आकाशातली प्रयोगशाळा कुठे कोसळणार, याच्या बातम्या पेपरात रोज येत. त्याच सुमारास बाहेरगावचे एक प्रचारक आले. त्यांनी मैदानात मांडव घातला आणि सांगितले, बायबलातला आकाशातून पडणारा तारा तो हाच. स्कायलॅब पडेल त्या दिवशी प्रभू येणार, सगळ्यांनी पांढरी वस्त्रे नेसून तयार राहावे. आज हसू येते. तेव्हा आले नाही. वस्तीतल्या दोघातिघांनी नोकऱ्या सोडल्या. आईने तर कॅलेंडरची पुढच्या महिन्यांची पानेच फाडून काढली आणि चुलीजवळच्या फडताळात ठेवली. मग एके सकाळी, प्रभू येतोच आहे या खात्रीने, तिने आपल्या अहिराणीत बाईंना साफ सांगितले, "आते सुई कशाले, बाई? प्रभू ई ऱ्हायना ना. औषध घेणं म्हणजे त्याच्यावर भरवसा नाय."

औषध मध्येच सोडले तर पुन्हा लागू पडेलच असे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. मी बाईंना रस्त्यात गाठले. "बाई, ते प्रचारक चुकतायत, एवढं आईला सांगा. तुमचं ती ऐकेल."

बाई थांबल्या. "कसं सांगू? मलाही वाटतंय, या खेपेला येईल."

ज्यांच्या भरवशावर होतो, त्याच मांडवातल्या निघाल्या! पण दुसऱ्या दिवशी साडेसहाला बाई डबा घेऊन हजर. आई म्हणाली, "तुम्हीबी मानता ना? मग?"

"मानते ना. येऊ दे की. आल्या आल्या त्यानं विचारलं, सालोमी, रेबेकाची सुई कुठवर आली, तर काय सांगू? टाकून आले म्हणून? चल, पालथी हो."

आईला हसू फुटले, हसता हसता खोकला आला, आणि ती पालथी झाली.

ठरलेल्या दिवशीही बाई वेळेवर आल्या. पांढरी साडी परिचारिकेला रोजचीच. पण त्या दिवशीची निराळी होती. जरीचा काठ, घड्यांवर पिवळट रेघा, डांबराच्या गोळ्यांचा वास. त्यांच्या लग्नातली साडी होती ती. त्यांचे पती साळवेमास्तर वारल्यापासून पेटीत होती. त्या साडीचा पदर खोचून बाईंनी सुई उकळली, इंजेक्शन दिले, आणि निघताना मला म्हणाल्या, "उद्या पातेलं नीट घास. आज साबण राहिला होता."

उद्या? कसला उद्या? मला काहीच कळेना.

स्कायलॅब कुठेतरी लांब, परमुलखात पडली. मांडवातले लोक संध्याकाळी मुकाट्याने घरी आले. दुसऱ्या सकाळी बाई आल्या त्या इस्पितळाच्या साडीत. डोळे सुजलेले.

"बाई, रडलात?"

"हो. वाट पाहत होते रे." एवढे बोलून त्या म्हणाल्या, "पाणी उकळलंय का?"

इंजेक्शन झाल्यावर त्यांनी फडताळातली पाने मागून घेतली, पदराची सेफ्टीपिन काढून कॅलेंडरला टोचली आणि त्या दिवसावर खूण केली.

प्रचारकांनी नवी तारीख दिली आणि महिन्याभरात मांडव गुंडाळला. वस्तीत टिंगल झाली. कित्येकांनी चर्च सोडले. मीही दोन वर्षे फिरकलो नाही. बाईंनी मला एका शब्दाने टोकले नाही. भेटल्या की आईचा खोकला विचारत. मी परतलो, तेही काही समजले म्हणून नव्हे. रविवारी येता-जाता चर्चच्या दारातून बाई एकट्या बाकावर बसलेल्या दिसायच्या, ते बघवेना म्हणून.

मी डोके खाजवतो ते इथेच. बाईंचा विश्वास नव्हता म्हणावे, तर ती लग्नातली साडी डोळ्यांपुढून हलत नाही. होता म्हणावे, तर पातेले घासायला का सांगितले? एकदा धीर करून त्यांनाच विचारले. म्हणाल्या, "मला तरी कुठे कळतंय? तू डबा धर."

आई बरी झाली. आज ती देवळ्याला आहे आणि कांद्याच्या रोपांना पाणी द्यायला स्वतः जाते. आता शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे, तर तिथेही माझी पंचाईत. ज्यांचे डोळे प्रभूच्या वाटेकडे लागले आहेत, त्यांना उदंड आयुष्य मागायचे म्हणजे त्याला उशीर कर म्हणण्यासारखेच. परवा बाईंनाच विचारून आलो. निवृत्त झाल्या तरी सकाळची फेरी चालूच आहे; चपला घालता घालता म्हणाल्या, "माग की आयुष्य. तो आधी आला तर उरलेलं त्याला परत देऊ."

म्हणून मी दोन्ही मागतो. बाईंना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. आणि प्रभू, तू ये, लवकर ये. ती साडी अजून पेटीत आहे. फक्त सकाळी साडेसहाला येऊ नकोस. त्या वेळी बाई कुणाच्या तरी घरी पाणी उकळायची वाट बघत असतील.