लाभ धरून की सोडून

बोरी गावात कोणी राजेश्रीच्या कामाबद्दल विचारलं, की तिची आई बायनाबाई हात हलवून सांगायची, "बापानं दाणे मोजले, ही वारा मोजायलीय." त्यात थट्टा होती, थोडा अभिमानही होता.

राजेश्रीचे वडील लिंबाजी गावातले मापाडी, धान्य मापून देणारे. खळ्यावर पायली त्यांच्या हातात असली, की देणारा आणि घेणारा दोघेही निवांत तंबाखू मळत बसायचे. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. आई खचली म्हणून राजेश्री पुणं सोडून घरी आली होती, आणि मधल्या खोलीत शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून कंपनीचं काम करत होती.

काम खरंच वारा मोजण्यासारखं होतं. एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक छोटे संगणक चालतात. त्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवणारा स्विच ही हातात धरायची वस्तू नसते, तो नुसता प्रोग्राम असतो. तो किती चपळ आहे हे मोजायचं कसं, याची नियमावली राजेश्री लिहायची. किती निरोप सोडायचे, किती वेळ थांबायचं, किती फेऱ्या घ्यायच्या, सगळं. मोजणारे दुसरे असत. तिचं लिहिणं त्यांच्या हातातली पायली होती.

सोमवारी या पायलीवरून वाद झाला. पुण्याच्या प्रयोगशाळेतला योगीराज, पालमचा, नोकरीला लागून सहा महिने झालेला. त्याच्या मोजणीत निरोप पोचायला लागणारा सरासरी वेळ बेंगळुरूच्या गटापेक्षा दीडपट आला. स्विच तोच, नियमावलीही तीच. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, यानं न मोजताच आकडे भरले असतील. वरिष्ठ शुभदा मॅडमनी राजेश्रीला विचारलं, "नियमावलीत काही संदिग्ध आहे का?"

"नाही मॅडम," राजेश्री म्हणाली. "लिहिलंय ते स्पष्ट आहे. मोजताना चूक झाली असणार."

संध्याकाळी योगीराजचा फोन आला. "ताई, मी आकडे बनवले न्हाईत. शुक्रवारी मला काढायचं का ठेवायचं ते ठरवणार हायत. घरी अजून सांगितलं न्हाई."

"परत एकदा मोजून बघ," एवढंच ती म्हणाली. त्यानं परत मोजलं. आकडा तोच आला.

गुरुवारी सकाळी लिंबाजींच्या वर्षश्राद्धाचं दळण काढायचं होतं. बारा पायल्या गहू. भावजय वैष्णवी देवगाव फाट्याकडची, दिवाळीनंतर लग्न होऊन आलेली. ती पायली घेऊन बसली आणि पहिलं माप पोत्यात ओतत शकुनाचा शब्द बोलली, "लाभ." दुसरं ओतलं. "एक." तिसरं. "दोन."

"आगं, थांब की!" बायनाबाई कडाडली. "लाभ म्हणल्यावर दोन! एक कुठून आणलास? मापाड्याच्या घरात आलीस आन् मोजता येईना?"

वैष्णवीचा हात पायलीवरच राहिला. ती खाली बघून म्हणाली, "आत्याबाई, आमच्याकडं लाभ देवाचा आसतो. तो मोजणीत धरीत न्हाईत. एक त्याच्या पुढं."

"आमच्याकडं तर लाभ हाच एक. हे सगळ्यांना ठावं हाय."

"मला न्हवतं ठावं."

भिंतीवरच्या लिंबाजींच्या फोटोकडे बायनाबाईनं एकदा पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "न्हवतंच ठावं तुला. सांगायचं काम माझं व्हतं. वत ते पोतं परत, पहिल्यापासून मोज."

राजेश्री चहाचा कप घेऊन दारात उभी होती. कप तसाच ठेवून ती आत गेली. नियमावलीतली फेऱ्या मोजण्याबद्दलची दोन वाक्यं तिनं उघडली. तिनंच लिहिलेली, दोन वर्षांपूर्वीची. 'प्रथम एक फेरी चालवून स्विचला पत्ते ओळखू द्यावेत. एकूण दहा फेऱ्या घेऊन सरासरी काढावी.'

पहिल्या फेरीत स्विच नवखा असतो. कुठला पत्ता कुठल्या दाराला, हे तो शिकत असतो, म्हणून अडखळतो. ती फेरी सरासरीत धरायची नाही, हे राजेश्रीच्या मनात इतकं पक्कं होतं की ते लिहायचंच राहिलं होतं. बेंगळुरूच्या जुन्या लोकांना तिनं कधीतरी तोंडी सांगितलं होतं. योगीराजला कोणीच सांगितलं नव्हतं.

तिनं त्याला फोन लावला. "पहिल्या फेरीचा आकडा किती आहे?"

"लय मोठा हाय, ताई. बाकीच्या नऊपेक्षा सहापट."

"तो सोड. नऊंचीच सरासरी काढ."

कळफलकावर चालणाऱ्या बोटांचा आवाज आला. मग तो म्हणाला, "जुळलं. बेंगळुरूच्या जवळजवळ बरोबर."

"चूक माझ्या वाक्यात आहे, योगीराज. उद्या मीच सांगते."

तो हळू म्हणाला, "ताई, सोमवारी एकदा मला विचारलं आसतं तर? पहिल्या फेरीचं मी तवाच सांगितलं आसतं."

"हो," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं."

शुक्रवारी तिनं सगळ्यांसमोर ती दोन वाक्यं वाचून दाखवली. शुभदा मॅडमनी विचारलं, "म्हणजे दोन वर्षं ज्यांनी ज्यांनी हे वापरलं, त्या सगळ्यांना कळवावं लागेल? तुझ्या नावानं?"

"माझ्याच नावानं. आणि योगीराजचे आकडे खरे होते, हेही त्यात लिहिते."

योगीराजला ठेवायचं ठरून बैठक संपल्यावर तिनं जुनं वाक्य खोडून नवं लिहिलं. 'पहिली फेरी ओळखीची. ती मोजणीत धरू नये. त्यानंतर दहा फेऱ्या घ्याव्यात.' बदलाचं कारण लिहायच्या रकान्यात तिनं 'सुधारणा' असा शब्द घातला होता. तो पुसला आणि लिहिलं, 'लिहिणारीची चूक.'

बाहेर वैष्णवी श्राद्धाचे तांदूळ काढायला बसली होती. पायली हातात घेऊन तिनं आधी विचारलं, "आत्याबाई, लाभ धरून, का सोडून?"

"धरून," बायनाबाई म्हणाली. "बरं केलंस इचारलंस."