माझ्या मेहुण्यांचं डिफ्लेक्शन

जगात जे जे सरळ दिसतं ते कुठंतरी, केसभर का होईना, वाकलेलं असतंच, यावर माझ्या मेहुण्यांइतकी गाढ श्रद्धा मी दुसऱ्या कुणाची कशावरही पाहिलेली नाही. हे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. सोलापुरात बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. उन्हानं रापलेला उंच देह, डोक्यावर सोलाहॅट, आणि कोटाच्या खिशात कुण्या विणकराकडून मागून आणलेलं सुताचं रीळ. तुळईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सूत ताणायचं आणि मध्ये तुळई किती खाली आली ते बघायचं, हा त्यांचा धंदाही होता आणि करमणूकही. त्या खाली येण्याला ते ‘डिफ्लेक्शन’ म्हणत. मी एकदा म्हटलं, “सरळ ‘बाक’ म्हणा की.” त्यावर ते कळवळून म्हणाले, “जावईबापू, तुळईला बाक म्हणाल. पण होकायंत्राची सुई ढळते, चेंडू कशाला तरी लागून वळतो, माणूस विचारलेल्या प्रश्नाला बगल देतो. या सगळ्यांना मिळून तुमच्याकडे एक तरी शब्द आहे का?” मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवत असे, त्यामुळे ते मला जास्तच लागलं.

कुणाच्याही घरी गेले की लोक यजमानाकडे बघतात, हे आढ्याकडे बघत. चहाचा कप हातात आणि नजर वर. “साखर घालू का आणखी?” असं घरच्या बाईनं विचारलं तर म्हणत, “मधल्या खणात थोडंसं आहे हो. पण काळजी नको, परत येतंय.” त्या बाईला वाटे, हे फडताळातल्या साखरेबद्दल बोलतायत की काय. त्यांच्या मते लाकूड लवणं हा गुन्हाच नव्हे. भार आल्यावर लवावं आणि भार गेला की परत यावं, हे भल्या लाकडाचं लक्षण. लवून परत न येणाऱ्या लाकडाचं मात्र ते आजारी माणसाबद्दल बोलावं तसं आवाज खाली आणून बोलत.

एकदा मी वर्गात होकायंत्राचा प्रयोग दाखवत होतो आणि हे पाहुणे म्हणून मागच्या बाकावर बसले होते. सुई उत्तरेकडे छान स्थिर झाली. ते पाहून यांना राहवेना. उठून टेबलाशी आले, ओणवे होऊन बघू लागले, आणि सुई गर्रकन वळली. त्यांचा चेहरा उजळला. “हिला कुणीतरी ओढतंय!” असं म्हणून त्यांनी टेबलाचे खिळे तपासले, खिडकीचे गज तपासले, एका पोराला खिशातला चाकू बाहेर ठेवायला लावलं. ते जसजसे टेबलाभोवती फिरत तसतशी सुईही त्यांच्यामागे फिरे. शेवटी सगळा वर्ग हसू लागला तेव्हा त्यांनी कोटात हात घालून आपली पोलादी टेप बाहेर काढली आणि सुईकडे अशा कौतुकानं पाहिलं, की जणू तिनं त्यांना नावानिशी ओळखलं होतं.

गिरणीवाले आणि रेल्वेवाले यांच्या क्रिकेटच्या सामन्यात त्यांना पंच केलं, तो प्रसंग तर अजून सांगितला जातो. गिरणीच्या एका धिप्पाड गड्यानं चेंडू असा ठोकला की तो यांच्या सोलाहॅटच्या कडेला लागून वळला आणि सरळ एका रेल्वेवाल्याच्या हातात जाऊन पडला. सगळे ओरडले, “हौ इज दॅट?” मेहुण्यांनी हॅट काढली, खळगा निरखला आणि म्हणाले, “ब्यूटिफुल! आता आला तो कोन बघा आणि गेला तो कोन बघा.”

“आवो साहेब, औट हाय का न्हाय तेवढं सांगा की!” गडी ओरडला.

“तेही बघू. आधी तू तिथंच उभा राहा, हलू नकोस.”

दोन्ही संघ त्यांच्याभोवती गोळा झाले. ते बॅटच्या टोकानं मातीत रेषा ओढत राहिले. अखेर तो गडीच कंटाळून, “म्या औट हाय, पर आता बस करा,” म्हणत तंबूत निघून गेला.

स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांना गाठणं कठीण. लग्नाचं विचारलं की ते असे वळत, की विचारणारा आपण काय विचारलं तेच विसरे. मंद्रूपचे एक गृहस्थ मुलगी सांगायला आले होते. “मुलगी पसंत आहे का?” या प्रश्नावर यांनी त्यांच्या माडीच्या जोत्याबद्दल इतकं पोटतिडकीनं सांगितलं, की ते गृहस्थ घरी जाऊन जोतं दुरुस्त करून बसले. पुढं त्याच माडीवर त्या मुलीचं दुसऱ्या मुलाशी लग्न झालं. मेहुणे अगत्यानं गेले आणि पोटभर जेवून आले.

पण मला सांगायची आहे ती आमच्या शेजारच्या लग्नाची गोष्ट. शेजारी तेलुगू विणकरांचं मोठं घर होतं. त्यांच्या मुलीचं लग्न. अंगणात मांडव, आणि अंगणाकडे तोंड करून वर लाकडी सज्जा. सगळ्या बायका त्या सज्ज्यात दाटीवाटीनं उभ्या होत्या. त्यांत माझी बायकोही होती, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. वाजंत्री जोरात होती. नवरीला बाहेर आणलं आणि सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे गेल्या. मेहुण्यांची अर्थातच वर, सज्ज्याच्या तुळईकडे. त्यांनी माझा दंड धरला.

“लवतेय,” ते म्हणाले.

“नेहमीचंच ना?”

“नाही. मघाशी काही जणी खाली उतरल्या, तरी परत आली नाही.” त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

मी ओरडणार तोच त्यांनी दंड आवळला. “ओरडलात तर सगळ्या एकदम जिन्याकडे धावतील. सगळा भार एका टोकाला येईल. कोपऱ्यावरच्या बांगडीवाल्या मण्यारचाचांना घेऊन या. पळा!”

मी पळालो. मागून त्यांचा आवाज ऐकू आला, हसरा, अगदी मोकळा: “बायांनो, यजमानांच्या वतीनं खाली बांगड्या भरतायत! नीट ऐका! कडेवर मूल आहे त्यांनी आधी यायचं. एका वेळी दोघीतिघीच. गर्दी केलीत तर चुडा फुटेल हो, आणि लग्नघरात काच फुटणं बरं नाही!”

मण्यारचाचा पेटीसकट धापा टाकत आले. “मेरेकू कोन बुलाया?” असं ते विचारत होते आणि यजमानही थक्क होऊन “मी कधी बोललो?” असं विचारत होते. पण बायका उतरू लागल्या होत्या, दोघी-दोघी, जपून, हात पुढं करून. मेहुणे जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून प्रत्येकीला रंग सुचवत होते. “तुम्हाला हिरवा. तुम्हाला तो पोपटी.” वरून लाकूड बारीक कुरकुरलं. त्यांनी वर पाहिलं नाही. माझी बायको सगळ्यांत शेवटी, कठड्याला धरून, कुणाशी तरी बोलत रमतगमत उतरली. तिचं पाऊल फरशीवर पडलं आणि मेहुण्यांनी तिला हाताला धरून मांडवात ओढलं. एवढ्यात कडाड् आवाज झाला. तुळई मोडली आणि सज्ज्याचं एक टोक धुरळा उडवत खाली लोंबू लागलं.

वाजंत्री थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. मग एकच गलका उडाला. नवरीचा बाप मेहुण्यांच्या पायांशी वाकला, तर हे त्याला उठवत म्हणाले, “साग नाही हो हा. तुम्हाला कुणीतरी फसवलं.” मण्यारचाचा पेटी उघडून म्हणाले, “आता सगळ्यांचेच हात भरतो. अल्लानं वाचवलं हाय!” आणि खरोखरच त्या दिवशी सगळ्या बायका हातभर बांगड्या वाजवत जेवायला बसल्या.

माझी बायको धुळीनं माखलेल्या भावाकडे बघत होती. “दादा, तुला भीती नाही वाटली?”

मी मनात म्हटलं, आता हे लाकडाच्या जातीवर जाणार.

“वाटली,” ते म्हणाले. “वर तू होतीस.”

पुढं त्यांची करमाळ्याला बदली झाली. आम्ही मोटारीवर पोचवायला गेलो. आमची मुलगी तेव्हा नुकती बोलू लागली होती. ती “मामा, मामा” म्हणून हाका मारत होती. मोटार सुटायला आली. बायकोनं विचारलं, “दिवाळीला येशील ना?” त्यांनी मान दुसऱ्या बाजूला वळवली आणि कितीतरी वेळ तिकडेच बघत राहिले. त्या बाजूला बघण्यासारखं काही नव्हतं. कडब्याची एक गाडी उभी होती, तेवढीच.