चिठ्ठीशिवाय

आमचे शेजारी पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात स्टोअरकीपर होते, आणि त्यांच्या लेखी जगातली कोणतीही वस्तू चिठ्ठीशिवाय जागची हलत नसे. मी वाटीभर साखर मागायला गेले, तरी त्यांची नजर माझ्या रिकाम्या हाताकडे जाई.

एकदा स्टोअरमध्ये फळीवरचे खोके डोक्यात पडले आणि ही ऐट उतरली. कानावर पडलेले नाव त्यांना वस्तूपर्यंत नेईना. डॉक्टरांनी सराव सांगितला. रोज संध्याकाळी पायरीवर मसाल्याच्या डब्या मांडल्या जात. पत्नी म्हणे, "ओवा द्या." ओव्याचा उग्र दरवळ माझ्या ओट्यापर्यंत पोचलेला असे, हे मात्र मोठ्या रुबाबात बडीशेप पुढे करीत. तिने नाव कागदावर लिहून दाखवले, की हात अचूक पडे.

त्यांना कामावर घ्यावे की नाही, हे ठरवण्यासाठी मोठ्या साहेबांनी स्टोअरमध्येच परीक्षा घेतली.

"सुतळी काढा."

"चिठ्ठी?"

"अहो, मी साहेब आहे!"

"साहेबांनीच नियम मोडल्यावर कसं चालायचं?"

साहेबांनी निमूटपणे चिठ्ठी लिहिली. सुतळी आली. इतका आडमुठेपणा निरोगी मेंदूलाच जमतो, याविषयी कचेरीत एकमत झाले आणि 'प्रकृती पूर्ववत' असा शेरा पडला.

संध्याकाळी मला पेढा देताना शेजाऱ्यांनी आवाज खाली आणला. "वहिनी, सुतळी म्हणजे काय, तेच उमगेना. लिहिलेलं दिसलं, तेव्हा सापडली."

दुसऱ्या दिवशी साखर मागायला जाताना मी चिठ्ठी लिहून नेली.