येणारा हात, जाणारा हात

दिनांक १८ डिसेंबर २०२३. परंदवडीच्या हिराबाईंच्या पायांवर आजवर न्हाऊन गेलेले जीव : तीनशे बारा. तीनशे तेरावा सत्यम, वय नऊ आठवडे.

हिराबाई घरोघर जाऊन बाळांना तेल लावतात, न्हाऊ घालतात. न्हाणीत पाटावर बसून त्या दोन्ही पाय लांब करतात आणि बाळाला त्यांवर निजवतात. आत वाफ, खिडकीबाहेर धुके, आणि या दोन पांढऱ्या पडद्यांच्या मधोमध एक छोटा चेहरा वर पाहत असतो. त्याला जग कसे दिसत असेल, याचा विचार त्या चाळीस वर्षे करीत आल्या आहेत. त्यांच्या मते पहिल्या महिन्यात जग वाहत नसते, ते ठिकठिकाणी सांडलेले असते. हात इथे असतो, मग तिथे असतो; मधली वाट बाळाला सापडत नाही, म्हणून नजर उड्या मारते. दोन महिन्यांच्या सुमारास एका सकाळी ती वाट जुळते आणि नजर हातामागे पाण्यासारखी सरकू लागते. शास्त्रही जवळपास हेच सांगते : हालचाल ओळखणे मेंदूला पाहता पाहता शिकावे लागते.

डोक्यावर एका बाजूने पाणी ओतताना हिराबाई त्या बाजूचा डोळा तळहाताने झाकतात. दुसरा डोळा तेवढा वेळ एकटा पाहतो. त्यामुळे त्यांना प्रत्येक डोळा वेगळा ओळखता येतो. त्यांना हेही ठाऊक आहे, की एकटा डोळा नाकाकडे येणारा हात आधी ओळखतो. कानाकडे दूर जाणारा हात त्याला पुष्कळ उशिरा कळतो.

सत्यमचा उजवा डोळा झाकला की डावा तांब्यामागे जाई. डावा झाकला की उजवा कुठेच जात नसे. वाफेत नुसता तरंगत राही. तीन दिवस पाहून चौथ्या दिवशी त्या सत्यमच्या आजीशी, लीलाबाईंशी बोलल्या.

"लीलाबाई, लेकराचा उजवा डोळा हातामागं येत न्हाई. वडगावला डाक्टरला दावा."

"नऊ आठवड्याचं प्वार ते! आता काय पेपर वाचून दावंल तुला?"

"डाव्यानं बगतंय की. मंग उजव्यानं का न्हाई?"

"हिरे, तीनशे पोरं धुतली म्हून डाक्टरीण झालीस व्हय? तुजीच नजर लागली माज्या नातवाला. उद्यापासनं येऊ नगंस."

हिराबाईंनी बाळ पुसून त्याच्या आईच्या, सविताच्या हातात दिले आणि त्या गेल्या. नजर उतरावी म्हणून लीलाबाईंनी बाळाच्या दोन्ही डोळ्यांत दाट काजळ भरले.

दुपारी सासू झोपल्यावर सविताने बाळाच्या डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि पाळण्यावर टांगलेल्या लाल चिमण्या हलवल्या. उजवा डोळा जागचा हलला नाही. तिने काजळ पुसले, बाळाला खिडकीशी नेले. बुबुळाच्या काळ्या मध्यात दुधाच्या थेंबासारखे काहीतरी होते.

तो थेंब तिने सासूला दाखवला आणि दोघी बाळाला घेऊन वडगावच्या डॉक्टरकडे गेल्या. तिथून त्यांना पुण्याला पाठवले. जन्मजात मोतीबिंदू होता. आठवड्यात शस्त्रक्रिया झाली.

"आणखी काही महिने गेले असते, तर डोळा साफ करूनही फार उपयोग नव्हता," डॉक्टर म्हणाले. "या डोळ्याने बघायला मेंदू शिकलाच नसता. कुणाच्या लक्षात आलं हे?"

"माज्याच," लीलाबाई म्हणाल्या. "आजी हाय मी."

सविता फरशीकडे पाहत राहिली.

मार्चमध्ये ती सत्यमला घेऊन हिराबाईंच्या दारी गेली. बाळाला जाड भिंगाचा चष्मा होता, आणि उजव्या डोळ्याला शिकता यावे म्हणून डाव्यावर रोज काही तास पट्टी.

"मावशी, तवा मी गप ऱ्हायले. लय चुकलं."

"निजव त्याला हितं. बोलनं मागनं."

हिराबाईंनी ओट्यावर पाय लांब केले. दूर महामार्गाची अखंड घरघर होती, जणू डोंगरच झोपेत श्वास घेत होता. त्यांनी हात कानाच्या बाजूने नाकाकडे आणला. उजवा डोळा अडखळत, थांबत, हातामागे आला. सविताने तोंडाला पदर लावला. मग हात उलट, कानाकडे गेला. डोळा तिथेच राहिला. हात त्याच्या जगातून निघून गेला.

"येनारा वळखला त्यानं," हिराबाई म्हणाल्या. "जानाराबी वळखंल. रोज आनत जा."

सविता रोज नेते. लीलाबाईंनी हिराबाईंना परत बोलावलेले नाही. डॉक्टरांसमोर जे नाव सांगायचे होते ते, आणि नजरेचा आरोप केल्याबद्दलची माफी, ही दोन्ही देणी अजून बाकी आहेत.